खुर्चीवरची शांत जागा

१

सबवूफर घरी आला त्या दिवशी तेजश्रीने त्याच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, "याच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली तर चालेल ना?"

यशोधन गायधनी तो मागच्या खोलीकडे ढकलू लागला. काही प्रश्नांना उत्तर द्यायचे नसते, एवढे तो आठ वर्षांच्या संसारात शिकला होता.

इंदिरानगरातल्या त्यांच्या तळमजल्याच्या फ्लॅटमधली मागची खोली म्हणजे त्याचा स्टुडिओ. भिंतींना जाड गाद्यांसारखे तक्ते लावलेले, टेबलावर दोन मॉनिटर स्पीकर आणि त्यांच्या बरोबर समोर एक फिरती खुर्ची. त्या खुर्चीत बसून तो लोकांची भजने, जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, जे येईल त्याचा आवाज नीट करून द्यायचा. वडील आणि आजोबा रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगत. घराण्याचा आवाज खणखणीत, याच्या वाट्याला मात्र नुसते कान आले, असे वडील म्हणायचे. ते कौतुकाने म्हणत की वैतागाने, हे यशोधनला कधीच कळले नाही.

गेल्या वर्षी त्याने पंचवटीतल्या एका ढोलपथकाचे रेकॉर्डिंग केले होते. पथकाचा प्रमुख रविराज ते ऐकून म्हणाला, "दादा, आमचा ढोल छातीत वाजतो. तुमच्यात तो डालड्याच्या डब्यात वाजतोय." बोलणे लागले, पण खोटे नव्हते. टेबलावरचे छोटे स्पीकर ढोलाच्या तळापर्यंत पोहोचतच नव्हते, आणि जे ऐकू येत नाही ते दुरुस्त तरी कसे करायचे? या वर्षी पथकाने पुन्हा त्यालाच काम दिले आणि त्याने खालच्या आवाजासाठी हा काळा, पंचवीस किलोचा डबा मागवला.

तेजश्री अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होती. सकाळी साडेआठला जायची, संध्याकाळी सहाला यायची. सहा वर्षांच्या इराची शाळा साडेबाराला सुटे. मग दुपारभर बाप-लेक दोघेच. यशोधन दाराकडे पाठ करून कामात असायचा, तरी इरा घरात कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक असे, कारण तिच्या पायांत पैंजण होते. हॉलमधल्या सतरंजीवर ते दबके वाजत, स्वयंपाकघराच्या फरशीवर मोकळे. तो मान न वळवता ओरडायचा, "इरा, फ्रीज बंद कर." बाबाला पाठीलाही डोळे आहेत असे तिचे ठाम मत होते. त्याने ते कधी खोडून काढले नाही.

२

सबवूफर लावायची एक पद्धत आहे, आणि ती बघणाऱ्याला वेडगळ वाटते. डबा उचलून माणसाच्या खुर्चीवर ठेवायचा, त्यातून एकच खालचा सूर चालू करायचा आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने खोलीभर फिरायचे. काही ठिकाणी तो सूर फुगलेला लागतो, काही ठिकाणी गायब होतो. जिथे तो नीट, भरीव ऐकू येईल ती डब्याची जागा.

मंगळवारी दुपारी यशोधन रांगायला लागला, तेव्हा इराला हसून हसून ठसका लागला. मग तीही त्याच्यामागे रांगू लागली. छमछम, छमछम.

"बाबा, इथे बघ! इथे काहीच वाजत नाही."

ती कपाटापासूनच्या तिसऱ्या फरशीवर बसली होती. यशोधनने तिथे कान नेला. खरेच, सूर जवळजवळ गेलेला. एवढे तिखट कान बघून त्याला अभिमान वाटला. घराण्यात आणखी एकाच्या वाट्याला कानच आले म्हणायचे.

"डब्यातून एक लाट येते," त्याने समजावले, "आणि भिंतीवर आपटून दुसरी लाट येते. इथे दोघी उलट्या भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात."

"मग आवाज कुठे जातो?"

"कुठे जात नाही. संपतो."

"संपतो म्हणजे कुठे जातो?"

"अगं, संपतो म्हणजे संपतो."

इराला हे पटले नाही. तिने फरशीवर हात फिरवून बघितला, खाली वाकून फटीत डोकावली. शाळेतल्या बाईंसारखी भुवई उंचावून ती म्हणाली, "असं नसतं."

डब्याची जागा शेवटी टेबलाखाली, समोरच्या भिंतीलगत ठरली.

३

खरे किचकट काम पुढेच होते. डबा आणि दोन स्पीकर यांचे सूर जुळवायचे. एकाची लाट पुढे जात असेल तेव्हाच दुसऱ्याचीही पुढे जायला हवी, नाहीतर खुर्चीत बसलेल्या माणसाला ढोल पोकळ लागतो. यासाठी जुने लोक एक उलटी युक्ती करतात. डब्याच्या पाठीमागे एक छोटा स्विच असतो. तो मुद्दाम उलटा करायचा, म्हणजे डबा स्पीकरच्या विरुद्ध वाजू लागतो. मग शेजारचे गोल बटण हळूहळू फिरवायचे. खुर्चीवर आवाज जिथे अगदी नाहीसा होईल तिथे थांबायचे. आणि शेवटी स्विच सरळ करायचा. जो आवाज पुरता मेला होता, तोच आता पुरता भरून येतो.

शेवटचे पाऊल विसरायचे नाही. एवढेच.

अडचण अशी की स्विच भिंतीकडच्या बाजूला होता. तिथे पोचायला टेबलाखाली पोटावर झोपावे लागे आणि तिथून खुर्चीवर काय ऐकू येते ते कळत नसे. माइकने टिपलेल्या आवाजाचा लॅपटॉपवरचा आलेखही दिसत नसे. खुर्चीत कोणीतरी हवे होते, आणि कान तिखट असलेले कोणीतरी घरात होतेच.

"इरा, इथे बस. आवाज एकदम कमी झाला की हात वर कर. मी 'झालं' म्हणेपर्यंत उतरायचं नाही. जमेल?"

"हूं. तू झालं म्हणेपर्यंत."

ती ऐटीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याने ऐंशी हर्ट्झचा सूर चालू केला, माइक तिच्या कानाशेजारी स्टँडवर लावला आणि टेबलाखाली शिरला. स्विच उलटा केला. बटण फिरवू लागला. टेबलाच्या पायांमधून त्याला फक्त तिचे पाय दिसत होते. ते हलत होते, मग हलायचे थांबले.

"इरा? हात वर केलास का?"

उत्तर नाही. तो कसाबसा मागे सरकत बाहेर आला. तिचा हात वर होता, अगदी ताठ. डोळे मोठे. यशोधनने आलेख बघितला आणि त्याला स्वतःचेच कौतुक वाटले. चांगल्या खोलीत अशा वेळी आलेखात एक खड्डा पडतो. इथे रेघ खाली गेली होती आणि पडद्याच्या तळाशी पोचूनही थांबली नव्हती. खोलीत रस्त्यावरच्या रिक्षांची घरघर असते, फ्रीजची असते, माणसाच्या श्वासाची असते. त्यातले काहीही त्या जागी उरले नव्हते. हे शक्य नाही, असे त्याच्या मनात आले, पण काम फत्ते झाल्याच्या आनंदात त्याने तिकडे कानाडोळा केला.

तेवढ्यात बेल वाजली. कामाला येणाऱ्या पुतळाबाई होत्या, सोबत गॅसवालाही. त्याचे सिलिंडर घेतले, मग रविराजचा फोन आला, मग पुतळाबाईंनी मोरी तुंबल्याचे दाखवले. यशोधन खोलीत परतला तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. सूर चालूच होता. इरा खुर्चीत होती आणि तिचा हात वर होता.

"अगं वेडाबाई!" त्याने लाजून लॅपटॉप मिटला. सूर थांबला. "चल, जेवायचं ना?"

इरा उतरली आणि त्याच्यामागून चालू लागली.

४

त्याने वरण-भात वाढला आणि हाक मारली, "इरा, कुठे आहेस?"

ती त्याच्या शेजारीच उभी होती.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपल्याला कळले कसे नाही? तो खाली बसला आणि त्याने तिच्या पायांकडे बघितले. पैंजण जागच्या जागी होते. घुंगरू सगळे शाबूत. "चालून दाखव." ती ओट्यापासून दारापर्यंत चालली. मोकळ्या फरशीवर, जिथे रोज सगळ्यात जास्त वाजायचे तिथे, काही वाजले नाही. त्याने एक पैंजण काढून हातात हलवला. छन् छन्. पुन्हा तिच्या पायात घातला. ती नाचली. काही नाही.

ऐंशी हर्ट्झचा आणि पैंजणांचा काही संबंध नसतो. पैंजण फार वर वाजतात. ही गोष्ट त्याने स्वतःला तीनदा सांगितली. पाऊण तास एकच सूर ऐकून आपलेच कान बसले असतील, असेही सांगितले.

पुतळाबाई भांडी घासत होत्या. इरा त्यांच्या मागून जाऊन पाणी प्यायली, तशा त्या दचकल्या. "आगं बया! कवा आली गं पोरी? लय हळू चालती आज. मला चाहूलच नाय लागली."

मग कान बसलेले नव्हते.

"बाबा," इरा म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, फोनवरून लांबून आल्यासारखा. "तू झालं म्हटलंच नाहीस."

"अरे हो. झालं, बाई, झालं," तो म्हणाला आणि तिच्या केसांतून हात फिरवला. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

५

बुधवारी तेजश्रीने तिला हळदीचे दूध दिले. "घसा धरलाय हिचा. आइस्क्रीम दिलंस ना दुपारी? खरं सांग." गुरुवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितले आणि सगळे उत्तम असल्याचे सांगितले. "बोल बेटा, आ कर," ते म्हणाले. इराने मोठा आ केला. डॉक्टर वाट बघत राहिले. "लाजते वाटतं," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावले.

यशोधनने मंगळवारपासून तिचा आवाज फोनवर टिपून ठेवला होता. रोज एक ओळ, "माझं नाव इरा यशोधन गायधनी." तीन दिवसांचे तीन आलेख त्याने शेजारी शेजारी लावले. मंगळवारी आवाजाचा तळ गेला होता. बुधवारी मधला भाग. गुरुवारी वर थोडीशी किनार उरली होती, झ आणि श या अक्षरांची. कोणीतरी तिच्या आवाजावर खालून वर पाणी चढवत होते आणि तो ते मोजत बसला होता. मोजण्यापलीकडे त्याला काय येत होते? आयुष्यभर तो दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त करत आला आणि पोटच्या पोरीच्या आवाजाला कुठून हात घालावा हे त्याला समजेना. बाथरूममध्ये नळ सोडून तो रडला.

रात्री तेजश्रीने जेवणाची दोनच ताटे घेतली. मग स्वतःच थांबली, तिसरे घेतले आणि म्हणाली, "काय झालंय मला? आज दिवसभर डोकं ठिकाणावर नाही." इरा तिच्या पदराला धरून काहीतरी सांगत होती. तेजश्रीने खाली बघितले नाही.

शुक्रवारी सकाळी यशोधनने स्वतः इराला स्कूटरवरून शाळेत सोडले. ती फाटकातून आत गेली, वर्गाच्या दारातून तिने हात केला. नऊ वाजता फोनवर शाळेचा संदेश आला. 'आपली पाल्य इरा आज गैरहजर आहे. कृपया कारण कळवावे.'

तो धावत सुटला. वर्गात पहिल्या बाकावर, खिडकीशी, इरा बसली होती. बाई तिच्यापासून तीन हातांवर फळ्यावर लिहीत होत्या. "मी नाव घेतलं," त्या गोंधळून म्हणाल्या, "दोनदा घेतलं. कोणी हजर म्हटलंच नाही हो." आणि मग, इराकडे बघून, "अगंबाई, ही आहे की!"

इरा हात वर करून बसली होती.

६

घरी आल्यावर त्याने तिला स्टुडिओत आपल्याजवळच बसवले. आता तो तिला नजरेआड करायला तयार नव्हता. हाताला चाळा म्हणून त्याने लॅपटॉप उघडला आणि मंगळवारनंतर पहिल्यांदा पथकाचे रेकॉर्डिंग लावले. साठ ढोल एकदम पडले, आणि ते पोकळ होते. नुसत्या काठ्या वाजत होत्या. ढोलाच्या जागी काहीच नव्हते.

स्विच!

तो टेबलाखाली गेला. स्विच उलटाच होता. मंगळवारी बेल वाजली तेव्हापासून तसाच. शेवटचे पाऊल तो विसरला होता.

पोटावर पडल्या पडल्या त्याने विचार करायचा प्रयत्न केला. प्लास्टिकचा इवलासा स्विच. त्याने माणसाला काही होत नसते. पण तो सरळ केल्यानेही काही बिघडणार नव्हते. युक्ती अशीच असते ना, जे पुरते मेले तेच पुरते भरून येते. त्याने इराला खुणेने खुर्चीत बसायला सांगितले. ती बसली. त्याने तोच सूर लावला, आत शिरला, देवाचे नाव घेतले. घराण्यातले कितीतरी मंत्र त्याला अर्धवट येत होते, त्यातला एकही आठवेना. त्याने स्विच सरळ केला.

सूर भरून आला. खिडकीच्या काचा थरथरल्या, त्याच्या बरगड्यांखाली जमीन घुमली. आणि त्यावर, स्पष्ट, मोकळे, छन् छन्.

जीव भांड्यात पडला. तो हसतच बाहेर सरकला. "इरा! वाजले बघ!"

इरा खुर्चीत बसली होती. तिचे पाय हलत नव्हते.

पैंजण कपाटाकडे वाजत होते. तिसऱ्या फरशीवर. तिथे कोणी नव्हते. जागच्या जागी पाय आपटावेत तसे ते वाजले, थांबले, पुन्हा वाजले. मग तिथून इराचा आवाज आला, तिचा स्वतःचा, तळापासून भरलेला, चार दिवसांत न ऐकलेला. "बाबा?"

खुर्चीतल्या इराचे ओठ मिटलेले होते.

यशोधनला पुढचे सुचले ते कुठल्याही बापाला सुचले असते. त्याने इराला खुर्चीतून उचलले, ती नेहमीएवढीच जड आणि उबदार होती, आणि तो तिला घेऊन त्या तिसऱ्या फरशीवर जाऊन उभा राहिला. मुलगी इथे, आवाज इथे. आता दोघे एकत्र यायलाच हवे होते. त्याने वाट बघितली. फरशीवर शांतता झाली. सूरसुद्धा तिथे ऐकू येईना.

पलीकडे खुर्ची करकरली.

ती रिकामी होती. पाय जमिनीला न पोचणारे मूल कंटाळून स्वतःला हलवते, तशी ती थोडी डावीकडे फिरली, थोडी उजवीकडे. पैंजण वाजले.

"बाबा, मी हात वर केलाय," खुर्चीतून इरा म्हणाली. "कधीचा केलाय. दुखतोय आता."

"झालं!" यशोधन ओरडला. "झालं बाळा, झालं, उतर! उतर आता!"

"बाबा, मला काही दिसत नाहीये. तू आहेस ना?"

"मी आहे! इथेच आहे गं!"

खुर्ची हलायची थांबली. ऐकताना इरा मान तिरकी करून अशीच थांबायची. तो घसा फाटेपर्यंत ओरडला. वडिलांचा, आजोबांचा सगळा खणखणीत आवाज त्या एका हाकेत आला असावा, कारण वरच्या मजल्यावर कोणीतरी जमिनीवर काठी आपटली. खुर्चीत मात्र काही पोचले नाही.

"तू परत गेलास का?" ती विचारत होती. आता ती रडवेली झाली होती. "झालं म्हण ना. मी उतरत नाहीये. तू म्हणाला होतास म्हणून मी उतरले नाहीये."

तो खुर्चीकडे जायला वळला आणि जागीच थबकला. कडेवरच्या इराला घेऊन तिकडे गेलो तर तो आवाज तिथून जाणार, हे आता त्याला कळले होते. तिला इथे खाली ठेवून जायचे, तर तिच्याकडे पाठ करावी लागणार होती, आणि तिचे पैंजण वाजत नव्हते.

कडेवरच्या इराने त्याच्या गळ्यात एक हात घट्ट टाकला होता. तिने बापाच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितले, मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितले. आणि शहाण्या मुलीसारखा, सांगितल्याप्रमाणे, तिने दुसरा हात वर केला.